कोठ्यात कोंडलं

“मले त्यानं कोठ्यात कोंडलं.”

आठ वर्षांच्या पोरीचं हे वाक्य. संध्याकाळची वेळ, माझी ओसरी, शेजारी तिची आई. पोरगी आईच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. पुढे ती आणखी दोन वाक्यं बोलली, ती मी इथे लिहिणार नाही. कोंडणारा मुलगा गल्लीतलाच, चौदा वर्षांचा. दोन्ही घरांचा उसनं पीठ-साखर नेण्याइतका घरोबा. दोघांचेही बाप संत्र्याच्या तोडाईला एकाच टोळीत जाणारे.

गल्ली, साल, वयं, कामधंदा, सगळंच मी थोडंथोडं बदलून सांगते आहे. आपल्या तिगावात कोणी शोधायला निघू नये. अशा प्रकरणातल्या लेकरांची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी केली नसती. ती दोन्ही लेकरं अजून लहान आहेत.

आयांनो, बाबांनो, आज याच विषयावर तुमच्याजवळ मन मोकळं करायचं आहे. अनोळखी माणसाने चॉकलेट दिलं तर घ्यायचं नाही, स्टेशनकडे एकटं जायचं नाही, असं आपण लेकरांना शिकवतो. पण दुखावणारं दुसरं लेकरूच निघालं तर काय करायचं, हे आपल्याला कोणीच शिकवलेलं नसतं. मग त्या रात्री आपल्याला दोनच वाटा सुचतात. एक तर प्रकरण बैठकीत मिटवायचं, नाहीतर पोराला गुरासारखं बडवायचं. मी दोन्ही वाटांनी गेलेली घरं पाहिली आहेत. मिटलं असं सगळे म्हणतात, पण त्या घरांत मिटलेलं मला काही दिसलं नाही.

बैठक कशी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. देवळाचा ओटा, चार जाणती माणसं, चहा. मुलाचा बाप हात जोडतो, मुलगा पाया पडतो, कधी काही रकमेचं बोलणं होतं. पोरीला मामाच्या गावाला पाठवायचं ठरतं, ‘सहा महिने जाऊ द्या, विसरून जाईल’. ज्या लेकराला दुखापत झाली ते त्या ओट्यावर नसतंच. त्याला काय हवं हे कोणी विचारत नाही. ओट्यावर वाटाघाट चालते ती दोन घरांच्या अब्रूची. आणि ज्या मुलाने हे केलं, तो तिथून काय शिकून उठतो? की अशा गोष्टीचा हिशोब बापाच्या खिशातून चुकता होतो.

मी पंचांना वाईट म्हणत नाही. बांधाचं भांडण, पाण्याची पाळी, भावांची वाटणी त्यांनी किती वेळा शहाणपणाने सोडवली आहे. पण ही गोष्ट त्यांच्या हातातली नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे ‘पॉक्सो’ म्हणतात, त्याचं १९ वं कलम सांगतं की असा अपराध घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. आई-बाप, शेजारी, मास्तर, डॉक्टर, सरपंच, कोणीही सुटत नाही. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे ओट्यावर बसून मिटवणारे स्वतःच गुन्ह्यात सापडतात. एक मात्र लक्षात ठेवा, न सांगितल्याबद्दल लेकराला शिक्षा नाही. ‘इतके दिवस काहून नाही सांगितलं?’ हा प्रश्न कायदाही विचारत नाही. आपण तर मुळीच विचारू नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहानग्या मुलींबरोबर काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तिथला आरोपी मोठा माणूस होता, मूल नव्हतं. पण लोक २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरले ते केवळ त्या माणसाच्या रागाने नव्हे. लहानग्या मुलींच्या आई-बापांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं, शाळेने वेळेवर कळवलं नाही, हा संताप मोठा होता. मुंबई उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली आणि या उशिरावर बोट ठेवलं. कळवायला उशीर हीच त्या लेकरांना झालेली दुसरी दुखापत होती.

आता त्या संध्याकाळी परत येते. पोरीची आई माझ्याकडे आली तोवर पोरीने ती गोष्ट आईला सांगून झाली होती, मग आजीला, मग मावशीला फोनवर, मग शेजारच्या काकूला. माझ्यासमोर पाचव्यांदा. दर वेळी ऐकणारीने मध्येच विचारलं होतं, ‘असं केलं का? तसं केलं का?’ आणि पोरगी थकून ‘हो’ म्हणायला लागली होती. मीही त्या संध्याकाळी गरजेपेक्षा तीन प्रश्न जास्त विचारले. शिक्षिका आहे, प्रश्न विचारायची सवय आहे, पण ती सवय तिथे चुकीची होती. लहान लेकरू मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतं. पाच तोंडांनी विचारलं की सांगण्यात पाच रंग मिसळतात, आणि पुढे कोणी म्हणतं, ‘पोरगी खोटं बोलते, दर वेळी वेगळं सांगते.’

म्हणून पहिल्या रात्री एवढंच बोला: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. मी आहे.’ लेकरू स्वतःहून बोललं तर ऐका, थांबवू नका, खोदू नका. त्याने जे शब्द वापरले तेच, जसेच्या तसे, वहीच्या पानावर लिहून ठेवा, बाजूला तारीख-वेळ टाका. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. अंघोळ घालायची घाई नको. दुखत असेल, रक्त आलं असेल, तर आधी दवाखाना. सरकारी असो की खाजगी, अशा लेकरावर तातडीने आणि फुकट उपचार करणं दवाखान्याला बंधनकारक आहे. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं कोणी म्हणू शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि आई किंवा जिच्यावर लेकराचा विश्वास आहे ती बाई तिथे हजर पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही, आणि तिथल्या बाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. साध्या सलवार-कुर्त्यात होत्या. पोरीला त्यांनी टेबलासमोर नाही, खिडकीजवळच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं, पाणी दिलं. कायदाही हेच सांगतो: लेकराचा जबाब घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिलेने, गणवेश न घालता, आणि रात्री कुठल्याही लेकराला ठाण्यात ठेवायचं नाही. फक्त त्या बाई होत्या जबलपूरकडच्या. मराठी त्यांना थोडीफार कळायची, पण आपली मराठी नव्हे. त्यांनी हिंदीत लिहिलं आणि वाचून दाखवलं:

“उसने मुझे कोठे में रोका.”

मी जागच्या जागी गार झाले. आपल्याकडे कोठा म्हणजे गुरांचा गोठा. तिथे बैल बांधलेला असतो, कुटार भरलेलं असतं. हिंदीत ‘कोठा’ म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच काही येतं. आठ वर्षांच्या लेकराच्या तोंडी तो शब्द गेला असता, आणि पुढे कोणत्याही वकिलाने तो उचलला असता. दुसरा शब्द त्याहून महत्त्वाचा. पोरगी म्हणाली होती ‘कोंडलं’. दार लावलं, बाहेर पडू दिलं नाही. कागदावर आलं ‘रोका’, म्हणजे वाट अडवली. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वाट अडवणं कलम १२६ मध्ये येतं, शिक्षा एक महिन्यापर्यंत. कोंडून ठेवणं कलम १२७ मध्ये, शिक्षा एक वर्षापर्यंत. पॉक्सोची कलमं याहून कितीतरी जड आहेत, तो भाग वेगळा. पण चार शब्दांच्या वाक्यातले दोन शब्द बदलले, आणि घडलेली गोष्टच बदलली.

मी म्हटलं, “मॅडम, कोठा मतलब गाय-बैल का गोठा. और कोंडलं मतलब अंदर डाल के दरवाजा बंद किया.” त्यांनी पेन थांबवलं. पोरीकडे वळल्या आणि विचारलं, “दरवाजा किसने लगाया था बेटा?” पोरगी म्हणाली, “त्यानं. कडी लावली.” मग बाईंनी नवा कागद घेतला आणि पोरीचं वाक्य होतं तसं मराठीतच उतरवलं, खाली हिंदीत अर्थ. लिपी तर एकच आहे! ‘मले त्यानं कोठ्यात कोंडलं’ लिहायला देवनागरीत काय अडचण?

लेकराचा शब्द त्याच्याच भाषेत लिहिला गेला पाहिजे, हे मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं. आपल्याकडे तो हिंदीत का जातो, तेही ऐका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तोवर आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. मग आपण मध्य प्रदेशात राहिलो, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून वेगळे निघाले, पण कागद हिंदीतच राहिला. एरवी आपल्याला त्याचं काही वाटत नाही, सातबाऱ्याऐवजी खसरा म्हणायची सवय झाली आहे. लेकराच्या जबाबात मात्र ही सवय घातक आहे. पॉक्सोच्या २६ व्या कलमात स्पष्ट आहे की जबाब लेकरू जसं बोललं तसाच लिहायचा, तेही आई-बाप किंवा विश्वासाच्या माणसासमोर. १९ व्या कलमात आहे की नोंदीची भाषा लेकराला कळत नसेल तर दुभाषी द्यायचा. शक्य असेल तर आवाज-चित्रासह मुद्रण करायचं, म्हणजे तीच गोष्ट लेकराला दहा ठिकाणी सांगावी लागत नाही. हे मागायला लाजू नका. ‘मॅडम, तिचा शब्द तसाच लिहा’, एवढं वाक्य पाठ करा. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि नोंदीची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.

आणखी एक आपल्याच भागाची गोष्ट. आपली निम्मी सोयरीक वरूड, काटोल, नरखेडकडे. उन्हाळ्यात लेकरं मामाकडे जातात, आणि कधी घटना तिकडे घडते, महाराष्ट्रात. घरी परत आल्यावर लेकरू बोलतं. मग ‘तिकडची केस आहे, तिकडे जा’ असं उत्तर मिळालं तर ऐकून परत फिरू नका. घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्याला ती शून्य क्रमांकाने नोंदवावी लागते आणि पुढे पाठवावी लागते. लोक याला झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर १०९८ लावा, लेकरांसाठीचाच नंबर आहे तो. वकील परवडत नसेल तर १५१००. बाईला आणि लेकराला सरकारी वकिली मदत मिळते, तिला उत्पन्नाची अट नाही.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. ही समिती म्हणजे कोर्ट नव्हे. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. दुखावलेल्या लेकराची काळजी, समुपदेशन, शाळा, राहायची सोय हे तिने बघायचं. शिवाय लेकराबरोबर शेवटपर्यंत चालणारा एक माणूस, ज्याला सगळे ‘सपोर्ट पर्सन’ म्हणतात, तो समितीकडून मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की ही नेमणूक आई-बापांच्या इच्छेवर सोडायची गोष्ट नाही. आम्हाला नको असं म्हणू नका. तारखा कोण लक्षात ठेवणार, कोणत्या खोलीत जायचं, लेकरू घाबरलं तर बाहेर कोण नेणार, हे सगळं तो माणूस बघतो, आणि ही मदत फार मोठी आहे.

आता मुलाबद्दल. इथे तुमच्यातले काही जण नाराज होतील, तरी मला बोलायचं आहे.

ठाण्यातून आलो त्या रात्री मुलाचा बाप माझ्याकडे आला. डोळे लाल, हात थरथरत होते. “मॅडम, पोट्ट्याले मी हाणलं. लय हाणलं. आता सांगा, मी काय करू?” मी विचारलं, पोरगं कुठे आहे? तर आतल्या खोलीत, पाठ सुजलेली, दोन दिवस जेवलं नव्हतं. माय दाराशी बसून रडत होती. त्या बापाला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मारल्याने पोरगं एकच शिकतं, की जो मोठा आहे त्याने लहानाला दुखवायचं असतं. तोच धडा त्याने गोठ्यात गिरवला होता. दुसरं, उद्या डॉक्टर त्याचीही तपासणी करतील, पाठीवरचे वळ नोंदले जातील. आणि तिसरं, त्याला मामाकडे लपवून ठेवू नका. पळवला असं होईल आणि त्याचंच नुकसान होईल.

अठरा वर्षांखालच्या मुलाने लेकराला असं दुखावलं तर त्याची चौकशी बाल न्याय मंडळात होते. मुलांची काळजी आणि संरक्षणाचा २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याआधीचा २००० चा, आणि त्याच्याही आधीचा १९८६ चा. १९८६ च्याच सुमारास मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती, देशभरच्या तुरुंगांत मोठ्या कैद्यांबरोबर डांबलेल्या मुलांसाठी. एका बाईने तुरुंगांच्या दारात जाऊन ही पोरं मोजायला लावली, म्हणून आज आपल्या गावातलं पोरगं कोठडीत टाकता येत नाही. मला हे आठवलं की आधार वाटतो.

मुलाला ताब्यात घेतलं तर पोलिसांनी बेड्या घालायच्या नाहीत, कोठडीत ठेवायचं नाही, आई-बापांना लगेच कळवायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे न्यायचं. त्याच्याकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक तरी महिला. तिथे उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. जामीन देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. बाहेर राहिल्याने मुलालाच धोका असेल किंवा तो वाईट संगतीत पडणार असेल, अशा कारणांनीच नाकारतात. परिवीक्षा अधिकारी घरी येतो आणि १५ दिवसांत अहवाल देतो: शाळा कशी, दोस्त कोण, मोबाइलवर काय पाहतो, घरात दारू आहे का, या पोरालाच कधी कोणी दुखावलं आहे का. त्या वेळी खरं सांगा. घराची लाज झाकायला खोटं सांगाल, तर ज्या ठिकाणी दुखतं तिथे औषध लागणारच नाही. असं वागणाऱ्या प्रत्येक मुलावर आधी अत्याचार झालेला असतो असं नाही. पण काहींवर झालेला असतो, आणि तो कोणालाच माहीत नसतो.

चौकशी चार महिन्यांत संपवायची, मंडळ ती दोन महिने वाढवू शकतं. दोषी ठरला तर मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी राहणं, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर अपराध केला असेल तर मात्र मंडळ आधी पाहतं की त्याला परिणाम कळत होता का, आणि मग प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं. २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणानंतर ही तरतूद आली, हे तुम्हाला आठवत असेल. चौदा वर्षांच्या मुलाला ती लागत नाही.

“मग याची नोकरी-पाणी गेलं म्हणा,” त्या बापाने विचारलं. नाही गेलं. या कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मंडळाच्या निर्णयामुळे मुलाला पुढे कशासाठीही अपात्र ठरवता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या असतात. वर सांगितलेल्या सोळा वर्षांवरच्या घोर प्रकरणांचा अपवाद सोडून. हे ऐकून पोरीच्या बाजूचे लोक चिडतात, ‘म्हणजे पोट्टा मोकळा सुटला?’ त्यांची चीड मला समजते. माझ्याच घरातली पोरगी असती तर मीही चिडले असते. पण विचार करा, हा चौदा वर्षांचा मुलगा अजून पन्नास वर्षं याच गावात, याच रस्त्यांवर राहणार आहे. त्याच्या घरी उद्या लेकरं होणार आहेत. तो बदलून यावा यात पोरीचाही फायदा आहे, आणि तिच्यामागून येणाऱ्या सगळ्या पोरींचा.

अगदी लहानांचं वेगळं. दोन पाच-पाच वर्षांची लेकरं खेळताना एकमेकांचं अंग पाहतात, डॉक्टर-डॉक्टर खेळतात. त्याला अपराध म्हणू नका, ओरडू नका, शांतपणे कपडे घालायला सांगा आणि दुसऱ्या खेळाला लावा. कायद्यातही सात वर्षांखालच्या लेकराचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारामध्ये त्याला काय कळत होतं हे पाहतात. काळजी तेव्हा करा, जेव्हा वयात मोठं अंतर आहे, जबरदस्ती आहे, दार लावलं आहे, ‘कोणाला सांगशील तर बघ’ अशी धमकी आहे, किंवा एकदा थांबवूनही तेच परत होतं.

आणि बोट दाखवायची घाई करू नका. ८ सप्टेंबर २०१७ ला गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांचा मुलगा मारला गेला. पहिल्याच दिवशी बसच्या कंडक्टरला धरलं, त्याने कबुली दिली असं जाहीरही झालं. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने सांगितलं की तो नव्हे, आणि त्याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. गरीब माणसावर संशय पटकन चिकटतो. आपल्या गावातही काही झालं की बोट आधी पालावर राहणाऱ्यांकडे, परगावच्या मजुराच्या पोराकडे जातं. म्हणून सांगते, लेकराचा शब्द घ्या, बाकीच्यांचे अंदाज नको.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. व्हिडिओ, फोटो, नाव, ‘फलाण्याची पोरगी’ असा इशारासुद्धा गावाच्या ग्रुपवर टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं आहे की ज्यावरून ओळख पटेल असं काहीच उघड करायचं नाही. दुखावणाऱ्या मुलाची ओळख फोडणंही गुन्हाच आहे. लेकराचं तसलं चित्र आलं तर पुढे पाठवू नका. ते पोलिसांना कळवा, आणि जपून ठेवू नका. ठेवणाऱ्यालाही दंड आहे.

मामाच्या गावाला पाठवायचं ते पोरीलाच का, हे मला कधीच पटलं नाही. शाळा तिचीच सुटते, मैत्रिणी तिच्याच तुटतात, आणि तिला वाटतं की शिक्षा आपल्याला झाली. या प्रकरणात आम्ही शाळेशी बोलून ठरवलं की मुलगा काही महिने आत्याकडे राहून दुसऱ्या शाळेत जाईल, पत्ता मंडळाला दिलेला असेल, आणि पोरगी आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसेल. मधल्या सुट्टीत एक शिक्षिका पटांगणात उभी राहील. वर्गात काही बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती लंगडी खेळायला उतरली.

सगळ्यात अवघड असतं ते एकाच घरात घडतं तेव्हा. सख्खा भाऊ, चुलत भाऊ, मोठ्या आईचा मुलगा. आई बिचारी दोन्ही लेकरांची. अशा वेळी पोलिसांनी २४ तासांत लेकराला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं आणि समितीने तीन दिवसांत ठरवायचं की लेकरू घरीच सुरक्षित राहील की नाही. आयांना वाटतं, लेकरू हिरावून नेतील. समिती आधी घरातलाच मार्ग शोधते, मोठ्या मुलाला कुठे ठेवता येईल ते पाहते. तुम्ही गेला नाहीत तर मात्र रात्री दिवा मालवल्यावर त्या खोलीत काय चाललंय हे पाहायला कोणीच नसतं.

गोटमारीच्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, जांब नदीच्या काठावर काय असतं ते आठवा. दोन गावांची दगडफेक सुरू व्हायच्या आधीच डॉक्टर बसलेले, टाक्यांची तयारी, रुग्णवाहिका रांगेत. पांढुर्णा आणि सावरगाव दोघांनाही माहीत असतं की आज कोणाचं तरी डोकं फुटणार, म्हणून आधीच सोय. जखमी माणसाला तिथे ‘तू काहून गेला’ असं विचारत बसत नाहीत, टाके घालतात. लेकरांच्या बाबतीत आपण तयारीच करत नाही, कारण आपल्या गल्लीत असं होईल हेच मान्य करायचं नसतं. १०९८ आज भिंतीवर लिहा. शाळेत पालकांच्या सभेला विचारा की असं घडलं तर कळवणार कोण. अंगणवाडीच्या दीदीलाही विचारा.

मंडळाच्या पहिल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मुलाचा बाप परत आला होता. इस्त्रीचा शर्ट हातात, उद्या पोराने काय घालावं हे विचारायला. मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मॅडम, मले तिथं काय बोला लागंल?”

मी म्हटलं, विचारतील तेवढंच. मराठीत बोलायचं असेल तर तसं सांगा. सकाळी त्याला पोटभर खाऊ घाला, वाटेत ओरडू नका. आणि तिथे गेल्यावर मागच्या बाकावर जाऊन बसू नका, त्याच्या शेजारी बसा.

“शेजारी?” त्याने विचारलं. त्या दिवसापासून तो पोराच्या शेजारी बसलाच नव्हता.